चोर सांगायचा न्हाई

दि. १५ एप्रिल

स्वप्ने,

जय भीम.

काल जयंती झाली. दरसाली तू माझी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून भाषण करतेस, अन् मी पहिल्या रांगेत बसून तुझ्या आधी एकेक शब्द ओठात म्हणत असते. काल तुझ्या जागी नवनाथच्या पोरानं मोबाइलमधून वाचून दाखवलं. मी मिरवणुकीला थांबले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय दुखत नव्हते.

भूगोलाचा पेपर सतरा मार्चला झाला. वीस तारखेला तुझ्या पप्पानं तुला बीडला होस्टेलवर नेऊन टाकलं, अकरावीचा क्लास आत्तापासूनच सुरू होतोय म्हणून. चांगलंच केलं. पण जायच्या आधी चार घरं ओलांडून माझ्याकडं यायला तुला सवड झाली नाही का? मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला सवयीनं दोन कप गुळाचा चहा टाकला होता. तुझ्या आईनं गल्लीतूनच सांगितलं, "वन्सं, ती गेली की काल."

पंधरा दिवस झाले, पप्पाचा फोन एकदा वाजतो अन् तुटतो. शेजारच्या मंगलच्या फोनवरून लावला तर लगेच उचलला, माझा आवाज ऐकून ठेवून दिला. माझा सख्खा धाकटा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन फिरले, त्यानं माझा नंबर कोंडून टाकलाय. कावून, ते मला माहीत नाही. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. होस्टेलच्या बाई पत्रं फोडत असतील तर फोडू देत. आपल्याकडं लपवायसारखं काय आहे?

एक काम आहे. भूगोलाचं शेवटचं पान तू परत दिलं नाहीस. नोव्हेंबरपासून आपण एकसष्ट पानं केली. साठ माझ्या ट्रंकेत आहेत. एकसष्टावं तुझ्याकडं. ते पाठव.

ट्रंक उघडली की मला हसू येतं. प्रत्येक पाठकोऱ्या कागदावर वीस ओळी, माझ्या अक्षरात. एकोणीस खऱ्या अन् एक खोटी. ती खोटी म्हणजे चोर. पान घरी न्यायचं, पुस्तक धुंडाळायचं, चोर सापडला की त्याला तांबडा गोल करून दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं. पहिल्या आठवड्यात तू रडलीस. "आत्या, सरळ पाठ करू दे ना, ही थेरं कशाला?" मी म्हणलं, पाठ केलेलं पेपर हातात आला की पळून जातं, हुडकलेलं पळत नाही. मग तू म्हणालीस, निदान धडा तरी सांग, कुठल्या धड्यात बसलाय. तेव्हा मी म्हणलं होतं, चोर सांगायचा न्हाई, पकडायचा. तुला ते इतकं आवडलं की माझ्या दारावर खडूनं लिहून ठेवलंस. अजून आहे. झाडताना मी तेवढी फळी सोडून देते.

मी डीएड करून वीस वर्षं ब्लाउज शिवते. दोन वर्षं नांदून परत आले, त्यालाही तितकीच वर्षं झाली. या सगळ्यात मला कुणी बाई म्हणलं असेल तर ते तुझ्या या पाच महिन्यांत, तेही तू चिडवायला म्हणायचीस.

तुझ्यासाठी मी एक वाईट गोष्टही केली, ती आज सांगते. जानेवारीत कडूबाई आलती, मेंढरंवाली, तुझ्या वर्गातल्या धनश्रीची आई. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीलाबी कोपऱ्यात बसू द्या. ती काय बोलायची न्हाई, नुस्तं ऐकंल." तू आतून मान हलवलीस. नंतर म्हणालीस, "आत्या, तू फक्त मलाच शिकव." मी कडूबाईला सांगितलं, घरात जागा नाही. जागा होती. तू फक्त मलाच म्हणालीस ना, ते मला लई गोड लागलं.

पान पाठव. अन् दोन ओळी लिही.

तुझी आत्या,
पंचशीला

*

दि. ३ मे

स्वप्नाली,

तुझं पत्र आलं नाही. त्याच्याआधी दुसरंच काहीतरी माझ्या दारात आलं.

परवा सकाळी कडूबाई धनश्रीला घेऊन आली. या वेळीही उंबऱ्याबाहेरच उभी. मी आत या म्हणलं तर म्हणाली, "नगं. आत आलो तर अजून काय चोरलं म्हणतेन." मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. विज्ञानाच्या पहिल्या पेपरला भरारी पथकानं धनश्रीला कॉपीसह धरलं होतं, ते गावाला माहीत होतं. आता शाळेनं बोर्डाला लेखी कळवलंय की ती कॉपी धनश्रीनं माझ्या घरातून चोरलेल्या कागदांची होती, अन् तीच पुढं सगळ्या वर्गात वाटली.

कडूबाई म्हणाली, "बाई, ती तुमच्या घरात आलती कवा? तुमी तर तिला आत येऊ दिलं न्हवतं." राग नव्हता तिच्या आवाजात. रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

धनश्रीनं मुठीतून एक कागद काढला. धरलेला पथकानं नेला, हा दुसऱ्या पेपरचा तिच्याकडं राहिला होता. काडेपेटीएवढी झेरॉक्स. मी चष्मा लावला. अक्षर माझं. माझा तो पाय मोडल्यासारखा 'ण', ज्याला तू हसायचीस. तेरावी ओळ: माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या असतात.

तेवीस असतात हे तुला मी सांगायला नको. चोवीस हा चोर होता. चाळिसाव्या पानाचा.

"तुला कुणी दिली?" मी विचारलं.

"क्लार्क सरांनी. सगळ्यांनाच देत व्हते, प्रत्येक पेपरच्या आधी. म्हणले, शाळेचा निकाल शंभर टक्के लागला पायजे."

"मग हे सांग की शाळेत."

"सांगितलं. बाकीचे म्हणत्यात, आमाला कुणी काय दिलंच न्हाई."

क्लार्क सर म्हणजे तुझा पप्पा. माझा समाधान. त्या दोघी गेल्यावर मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तोंड कोरडं पडलं. मी स्वतःला सांगितलं, त्यानंच चोरून तुझ्या दप्तरातून काढले असतील. पोरीला काय ठाऊक?

मग मी ट्रंक उघडली अन् चाळिसावं पान काढलं. तेराव्या ओळीवर तुझा तांबडा गोल. झेरॉक्सवर गोल नाही. आणखी एका पानाची आठवण झाली म्हणून धनश्रीला परत बोलावून विचारलं, आधीच्या पेपरला आवर्तसारणीचं काय होतं? तिनं घडाघडा म्हणून दाखवलं: अठरा आवर्तं, सात गण. उलटं. तोही चोर, जसाच्या तसा. म्हणजे झेरॉक्स निघाली ती तू गोल करायच्या आधी. संध्याकाळी पान माझ्याकडून निघायचं अन् दुसऱ्या संध्याकाळी गोल होऊन परत यायचं. त्याच्या मधेच. एकदा नाही. दर वेळी.

मी फाट्यावर बजरंगच्या दुकानात गेले. झेरॉक्स काढायचं दुसरं दुकान इथं नाहीच. त्याला वाटलं मी उधार मागायला आले. विचारलं तर मोकळेपणानं बोलला, त्याला लपवायचं काही कारण नव्हतं. "तुमची स्वप्नाली यायची की. सकाळी बसच्या आधी. म्हणायची, काका, लहान करून द्या, आत्याला उजळणीला पायजे. अन् झेरॉक्स काढून झाली की पायरीवर बसून मूळ कागदावर तांबड्या पेनानं गोल करायची. मी गिऱ्हाइकांना दाखवायचो, बघा म्हणलं, कशी अभ्यासू पोरगी हाय."

आधी झेरॉक्स. मग गोल.

स्वप्ने, पप्पानं सांगितलं म्हणून तू कागद दिलेस, हे मी समजून घेईन. बापापुढं पोरीचं काय चालतं? पण चोर कुठं बसलाय हे तुला ठाऊक होतं. पायरीवर बसून तू त्याला गोल करत होतीस अन् तुझ्या दुसऱ्या हातात त्याच चोराची झेरॉक्स होती. ती तू तशीच पुढं जाऊ दिलीस. अडतीस पोरांच्या वर्गात सदतीस जण खोटं लिहितील अन् एक खरं. असंच ना?

तू मला फसवलंस. हे वाक्य मी तीनदा खोडलं अन् चौथ्यांदा लिहिलं. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय म्हणू?

नाही म्हण. पत्रात नाही एवढंच लिहून पाठव, मी मानून घेईन. इतकी मी मूर्ख आहे.

आत्या

*

दि. १५ मे

स्वप्नाली,

परवा निकाल लागला. आपल्या शाळेच्या अडतीसही जणांचा राखून ठेवलाय. तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं म्हणे, एकाच शाळेची सदतीस पोरं प्रत्येक पेपरात त्याच त्या चुका करतात, शब्दही तेच. २८ तारखेला बोर्डाचे साहेब चौकशीला शाळेत येणार आहेत.

आज समाधान आला. दोन महिन्यांनी. सोबत टाइप केलेला कागद. "आक्का, यावर सही कर." मी वाचला. मी गावातल्या मुलांसाठी टिपणं काढत असे, सदर मुलगी धनश्री शिकायला येण्याच्या निमित्तानं घरात वावरत असे, तिनं ती माझ्या नकळत नेली.

"ती माझ्या घरात कधी आलीच नाही," मी म्हणलं.

"ते कोण बघायला आलतं? तिला तर पथकानं धरलंच हाय. तिचं नाव लागून गेलं की बाकीचे सुटतेत. अन् मेंढरामागं फिरणारी पोरगी, धावी होऊन ती काय कलेक्टर होणार हाय?"

स्वप्ने, तुझा आजा, आमचा बाप कारभारी, याच्यावर खळ्यावरची पायलीभर ज्वारी चोरल्याचा आळ आलता. नेली होती पाटलाच्या भाच्यानं. तेव्हा पंचायतीत कुणीतरी असंच म्हणलं होतं, त्याच्या नावावर टाका, त्याला काय फरक पडतो? फरक पडला. बाप मरेपर्यंत कुणाच्या खळ्याजवळून गेला नाही, लांबचा रस्ता धरायचा. समाधान त्या वेळी सात वर्षांचा होता, बापाचं बोट धरून त्याच लांबच्या रस्त्यानं चालायचा. ते मी त्याला आठवून दिलं. तो म्हणाला, "तवाचं तवा. आता माझी नोकरी हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, अन् दोर मी वळून द्यायचा.

मी म्हणलं, तू पोरांना खोटी उत्तरं वाटलीस, निदान ती तरी एकदा वाचायचीस. तो म्हणाला, "खोटी कशी? तुझ्या हातची व्हती म्हणून तर बिनघोर वाटली." तेव्हा मला कळलं की त्याला चोराचं काहीच माहीत नाही. पाच महिने रोज संध्याकाळी तू त्याच्यासमोर पुस्तक घेऊन बसत होतीस अन् त्याला एका शब्दानं बोलली नाहीस. मी ट्रंकेतली पानं त्याच्यापुढं ठेवली. गोल दाखवले. एक, दोन, दहा. तो भिंतीला टेकून खाली बसला. "तिला म्हाईत व्हतं?" एवढंच विचारलं. मला भावाची कीव आली, अन् कीव आली म्हणून स्वतःचा राग आला.

तरी जाताना तो कागद ठेवून गेला. "तू सही न्हाई केलीस तर स्वप्नालीचं नाव निघंल. वरीसदोन वरीस परीक्षेला बसू द्यायचे न्हाईत. तुझ्याच हातानं पोरीचं वाटोळं कर मग."

आपलेच दात अन् आपलेच ओठ. कागद शिवणयंत्राच्या पाटीखाली ठेवलाय. तुझ्यावर माझा किती जीव आहे ते तुला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही दोघांनी हे धाडस केलं. म्हणून आता मी तुझ्याकडं एक मागते. २८ तारखेला तू ये अन् स्वतःच्या तोंडानं सांग. आपणहून सांगितलंस तर मी तुझ्या बाजूला उभी राहीन, हात धरून. साहेबांच्या पाया पडायची वेळ आली तर तीही पडेन.

पंचशीला

*

दि. २२ मे

तुझं पाकीट मिळालं. एकसष्टावं पान पाठवलंस, माझी पहिली मागणी पुरी केलीस. पाठीमागं एक ओळ लिहिलीस, तुझ्या सुवाच्य अक्षरात:

"आत्या, तूच म्हणायचीस ना, चोर सांगायचा न्हाई."

दारावरची फळी मी आज ओल्या फडक्यानं पुसली.

*

दि. ३० मे

स्वप्नाली,

परवा तू समोरच होतीस, पण माझ्याकडं बघितलं नाहीस, म्हणून लिहितेय. काही तू ऐकलंस, काही तुला बाहेर पाठवल्यावर झालं.

मला आधी अक्षराचं विचारलं. अक्षर माझं, म्हणलं. साहेबांनी विचारलं, "ही मुलगी तुमच्या घरी शिकायला येत होती का?" धनश्री भिंतीशी उभी होती, कडूबाई दाराबाहेर पायातलं काढून. तुझा पप्पा खुर्चीच्या कडेवर. माझ्या पिशवीत टाइप केलेला कागद होता अन् साठ पानंही होती. खरं सांगते, उठेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. तू एकदा जरी वर बघितलं असतंस ना, तर मी कुठला कागद काढला असता ते मला सांगता येत नाही. एवढी मी कच्ची आहे.

तू नखं बघत होतीस. मी साठ पानं काढली.

चोराचा खेळ समजावून सांगितला. साहेबांबरोबरच्या बाईंना पटेना. त्यांनी गोल झाकून एक पान धनश्रीपुढं धरलं. "यात एक ओळ खोटी आहे. कोणती?" धनश्रीनं वीसच्या वीस ओळी बोट ठेवून वाचल्या, दोनदा. मग म्हणाली, "म्याडम, खोटी कशी आसंल? हे तर पंचशीलाबाईंच्या हातचं हाय." मला तिथं बसवेना. जिला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तिनं ते म्हणावं.

मग तेच पान बाईंनी तुझ्यापुढं धरलं. तू अर्धा मिनिट बघितलंस. सापडला होता तुला, तुझी पापणी कशी हलते ते मी पाच महिने बघितलंय. तू बोलली नाहीस. तोंड उघडलं असतं तर पानं तुझ्याकडं होती हे सिद्ध झालं असतं, म्हणून गप्प राहिलीस. पण बाईंनी ते ओळखलं, अन् बजरंगलाही बोलावणं गेलं होतंच.

धनश्रीवरचा चोरीचा आळ गेला. लेखी गेला, मी कागद वाचल्याशिवाय उठले नाही. कॉपी केल्याबद्दल तिचा अन् बाकीच्या छत्तीस जणांचा निकाल रद्द, जूनअखेरच्या परीक्षेला परत बसायचं. तुझं अन् समाधानचं काय करायचं ते वरून ठरेल. तुझ्या आईनं गल्लीत माझ्या नावानं बोटं मोडली.

तू बाहेर गेल्यावर साहेबांनी मला थांबवलं. त्यांच्यापुढं तुझ्या उत्तरपत्रिका होत्या. म्हणाले, "बाई, एक समजत नाही. जिथं सदतीस मुलं चुकली तिथं ही प्रत्येक ठिकाणी बरोबर आहे. तुमच्या पानांशी ताडून बघितलं, एकही चोर हिनं सोडला नाही. फक्त भूगोलात एका ठिकाणी उलटं झालंय. विधान चूक की बरोबर ओळखा. ब्राझीलमध्ये चक्रीवादळं क्वचित येतात. सदतीसही जणांनी बरोबर लिहिलंय. हिनं एकटीनं चूक म्हणून लिहिलंय, अन् वर दुरुस्त करून 'वारंवार येतात' केलंय. असं का?"

मला माहीत नाही, म्हणलं. घरी येऊन तू पाठवलेलं एकसष्टावं पान काढलं.

सोळा मार्चला संध्याकाळी मी ते लिहिलं. शेवटचा पेपर. मनात म्हणलं, पोरगी पाच महिने चोर पकडून थकली, उद्या सुटणार. आज तिला निर्मळ पान द्यावं, वीसच्या वीस खऱ्या ओळींचं. तुला सांगितलं नाही. वाटलं, परत आणून देताना तू म्हणशील, आत्या, यात चोरच न्हाई, अन् आपण दोघी हसू. तू आणून दिलं नाहीस. अकराव्या ओळीवर, त्याच चक्रीवादळांच्या, तुझा तांबडा गोल आहे. दोनदा गिरवलेला, कागद फाटेस्तोवर.

मी तुला एकदाच खरं-खरं दिलं होतं. सदतीस जणांनी, ज्यांना मी कधी शिकवलं नाही, ते खरं मानलं.

कालपासून धनश्री शिकायला बसते, पाचला. कडूबाई मेंढरं पुढं घेऊन गेली, पोरीला परीक्षेपर्यंत माझ्याकडं ठेवलंय. पहिलं पान तिच्या हातात दिलं अन् सांगितलं, यात चोर नाही. तिनं होय म्हणलं अन् वाचायला बसली. पुस्तक उघडून तपासलंसुद्धा नाही. मला वाटलं आपण हिला रागवावं, तपासायला शिकवावं, अन् मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत बसले.

एकसष्टावं पान सोबत परत पाठवतेय, ते तुझंच आहे. ते पाठवायचंच होतं म्हणून हे पत्र. आता तू लिहू नकोस. चहा मी दोन कपच टाकते, दुसरा धनश्री पिते.

पंचशीला